अण्णा दुपारी पोराकडे जायचे

जेवणाची सुट्टी झाली की करंडे अण्णा डबा संपवायचे, नळावर जाऊन चूळ भरायचे, ओल्या बोटांनी मिशा सारख्या करायचे आणि खुंटीवरची पांढरी टोपी डोक्यावर चढवायचे. मग चपला टेबलापासून लांब काढून ठेवायचे आणि अनवाणी येऊन आपल्या संगणकापुढे बसायचे. एरवी दिवसभर टोपी खुंटीलाच असे आणि चपला पायात. नारायणगावजवळच्या आमच्या कॉलेजात मी लॅब असिस्टंट म्हणून नवीनच लागले होते. मला आपलं वाटलं, जप-बिप करत असतील. एकदा राहवेना म्हणून मागून डोकावले, तर समोर काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, आणि अण्णा दोनच बोटांनी एक शब्द टाइप करत होते.

"अण्णा, ही कुठली पूजा?" मी विचारलं.

"पूजा कशाची आलीय! पोराकडं चाललोय," मान न वळवता ते म्हणाले. "आता पोराच्या घरी बोडकं जाऊ व्हय?"

पडद्यावर एक ओळ उमटली. अण्णांनी तिच्यापुढे 'डेट' असं लिहिलं, तशी तिकडून तारीख आणि वेळ आली. "तिकडं आत्ता कुठं सकाळ झालीय. उठलं असंल," असं ते स्वतःशीच बोलले आणि लगेच 'एक्झिट' लिहून बाहेर पडले. टोपी परत खुंटीला गेली. सगळं मिळून चहा निवायला लागतो तेवढा वेळ. मी म्हटलं, "अहो, एवढं नटून गेलात आणि टेकलातसुद्धा नाही?"

"बसा म्हणाय पाहिजे ना कुणीतरी," अण्णा म्हणाले आणि वायरी तपासायला निघून गेले.

अण्णा पिंपरी पेंढारचे. घर मेंढपाळाचं. दिवाळी झाली की त्यांचे वडील मेंढरं घेऊन घाट उतरायचे आणि पावसाच्या आधी परत वर यायचे. अण्णांचं निम्मं लहानपण असं उघड्या माळावर गेलं. घरातला शिकलेला हा एकटाच. कॉलेजात पहिले संगणक आले तेव्हा बाकीचे लोक त्यांच्यावर कापड घालून लांब उभे राहिले होते म्हणे, आणि अण्णांनी सरळ पेचकस घेऊन एक डबा उघडला. तेव्हापासून लॅब त्यांची. कागदावर कोणी का प्रमुख असेना, रॅकची किल्ली यांच्या करगोट्याला. प्राचार्यांनी एकदा पासवर्ड मागितला, तर म्हणाले, "तुमी इसरता साहेब. मी हाय तवर मला इचारा, नंतरचं नंतर बघू."

आवाज तर असा, की बंद खोलीत समोरासमोर बोलतानाही पलीकडच्या टेकाडावरच्या माणसाला हाक मारतायत असं वाटावं. मेंढरांमागे फिरून तो तसाच राहिला होता. त्यांनी हळू सांगितलेली गोष्ट कॅन्टीनपर्यंत जायची. आणि रागीट! एका पोराने गेम खेळण्यासाठी दुसऱ्याची केबल उपटली, तर अण्णांनी ती केबल दिवसभर त्याच्या गळ्यात घालून ठेवली. संध्याकाळी काढून घेताना म्हणाले, "माळ शोभत व्हती रं तुला." तो पोरगा पुढे नेटवर्कच्याच कामाला लागला आणि दर दसऱ्याला सोनं द्यायला अण्णांकडे यायचा.

आमच्या कॉलेजातून बाहेरच्या जगाशी थेट बोलता येत नसे. मधे प्रॉक्सी नावाचा सर्व्हर. काय मागायचं ते त्याच्याकडे मागायचं, तो आणून देणार, नको ते अडवणार. पण कधी कधी लांबच्या एखाद्या संगणकावर जाऊन तिथेच काम करायचं असतं, तेव्हा या प्रॉक्सीतूनच एक बंद वाट काढावी लागते. तिला टनेल म्हणतात. काळ्या पडद्यावर एक लांबलचक कमांड लिहिली की ती तयार होते. पुस्तकात हे वाचून पोरांच्या डोक्यावरून जायचं. मग अण्णा फळ्याला पाठ लावून उभे राहायचे.

"हे बघा, आपलं कॉलेज म्हंजी एक गाव. गावाला येस एकच, आत-बाहेर जायाचं ते तिथनंच. येशीत पाटील बसलाय, त्याचं नाव प्रॉक्सी. आता मला मेंढरं कोकणात न्यायाच्यात आणि वाट पाटलाच्या गावातनंच हाय. मी काय म्हणायचं? पाटील, मला अमक्या गावाला जायाचंय, वाट द्या. बास! माझी मेंढरं किती, त्यातलं लंगडं कुठलं, ह्याच्याशी पाटलाला काय घेणं? त्यानं मान हालवली की मी मधनं निघालो. लांबच्या गावात जाऊन मी काय बोलतो ते बी त्याला ऐकू जात न्हाई. झाली तुमची टनेल. कळलं का, का पुन्हा पाटलापासनं सांगू?"

कळायचं. पोरं हसायची, पण परीक्षेत उत्तरात पाटील लिहून यायची.

आणि कोणी "होत नाही" म्हणत आलं की अण्णांचा पहिला प्रश्न ठरलेला, "व्ही लावला का?" कमांडच्या मागे एक बारका व्ही लावला की संगणक कुठली पायरी चढला, कुठे अडला, सगळं बोलून दाखवतो. व्ही न लावता रडत आलेल्या माणसाला अण्णा दारातूनच परत पाठवायचे. वाणिज्य शाखेचे एक सर एकदा तणतणत आले, "तुमचा तो सर्व्हर मला आत घेत नाही, फालतू आहे सगळं!" अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला. "सर, सर्व्हरनं न्हाई म्हणलं का येशीतल्या पाटलानं? नाकारलं कुणी ते तर बघा. तुमी पार पावण्याच्या घरापत्तर गेलाच नसाल, आणि पावण्याला शिव्या देताय." सरांना काही कळलं नाही. अण्णांनी दोन मिनिटांत त्यांचं काम करून दिलं आणि वर चहाही त्यांच्याच पैशाने प्यायला.

त्यांचा मुलगा संदीप जर्मनीत आहे एवढं सगळ्यांना माहीत होतं. त्यापुढचं मला कळलं ते खोडदला.

खोडदच्या एका शाळेत संगणक जोडून द्यायला आम्ही दोघं गेलो होतो. तिथे शेतांतून रेडिओ दुर्बिणीच्या त्या अवाढव्य तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या असतात. आभाळातलं काहीबाही ऐकतात, म्हणून आजूबाजूला वायरलेसचा गोंगाट करायचा नाही अशी रीत. अण्णांनी सगळी शाळा वायरीनेच जोडली. दुपारी बांधावर बसून भाकरी खाताना ते त्या तबकडीकडे बघत होते. मधेच म्हणाले, "किती लांबचं ऐकतंय ते, वैशाताई. आन मी घाटावर काय बोलून बसलो ते माझं मला ऐकू आलं न्हाई."

मी भाकरी हातातच धरून ऐकत राहिले. अण्णांची आई गेली तेव्हा संदीप आला नव्हता. त्याच्या बायकोचे दिवस भरले होते, परक्या मुलखात तिला एकटं टाकून कसा येणार? पण आजीने त्याला अंगाखांद्यावर वाढवलेला. दहाव्याला नदीच्या घाटावर भावकी जमली. पिंडाला कावळा शिवेना. कोणीतरी म्हणालं, "नातवात जीव अडकला असंल म्हातारीचा. नातू कुठाय?" अण्णा आधीच खचलेले, त्यात ते ऐकलं आणि तो सगळ्या खोऱ्याला ऐकू जाणारा आवाज निघाला, "मला पोरगा न्हाई!"

"बोललो," अण्णा म्हणाले. "रागात माणूस बोलतो. पण पुतण्यानं फोन समोर धरला व्हता, संदीपला घाट दिसावा म्हणून. त्यानं सगळं ऐकलं बघा."

त्यानंतर बाप-लेकांचं बोलणं बंद. काकू, म्हणजे अण्णांच्या बायको पारूबाई, अण्णा कॉलेजला गेले की संदीपला फोन करायच्या. ते अण्णांना माहीत होतं आणि अण्णांना माहीत आहे हे काकूंनाही माहीत होतं. पण त्या फोनवर अण्णांचं नाव काढायचं नाही, हे संदीपने आईला शपथ घालून सांगितलं होतं, आणि घरात संदीपचं नाव काढायचं नाही हे अण्णांनी. बिचाऱ्या काकू दोन्हीकडून तोंड शिवून बसलेल्या. नात झाली, ती रांगायला लागली, बोलायला लागली, आणि आजोबाने तिचा फोटोही पाहिलेला नव्हता. मला इतका राग आला! मी म्हटलं, "अण्णा, एक फोन करा. चुकलं म्हणा. संपला विषय."

"बाप हाय मी," अण्णा म्हणाले.

"मग बापासारखे वागा की!"

त्यांनी रागावून माझ्याकडे पाहिलं आणि मग हसले. म्हणाले, "जातो की रोज. बघती न्हाईस का तू?"

ते असं होतं. भांडणाच्या आधी संदीपने जर्मनीतल्या आपल्या घरच्या संगणकावर अण्णांच्या नावाचं एक खातं उघडून दिलं होतं. इथून त्याच्यावर जाता यावं म्हणून. त्या संगणकाला त्याने नाव दिलं होतं पेंढार. आत गेलं की ओळीच्या सुरुवातीला 'अण्णा' आणि 'पेंढार' ही दोन्ही नावं शेजारी शेजारी दिसायची. भांडणानंतर संदीपने फोन बंद केला, पण ते खातं पुसलं नाही. अण्णांनी एके दिवशी भीत भीत जाऊन पाहिलं, तर दार उघडं. मग रोज जायला लागले. आत काही करायचे नाहीत, काही बघायचे नाहीत, कशाला हात लावायचे नाहीत. फक्त वेळ विचारायची आणि निघायचं. "मी येऊन गेलो हे त्याला दिसतं," ते म्हणाले. "संगणकात समदं ऱ्हातं. कोन आलं, कवा आलं. त्याला नको असतं तर कवाच कुलूप घातलं असतं. घातलं न्हाई, म्हंजी चालतंय त्याला." एवढ्या एका गोष्टीवर हा माणूस जगत होता. मी त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत कोणालाही त्यांच्या टेबलाकडे फिरकू देत नसे.

असं बरंच चाललं. मग एका दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी मी त्यांना चकल्या द्यायला गेले. अण्णा टोपी घालून बसले होते, पण नेहमीसारखे लगेच बाहेर आले नव्हते. "ये, ये. हितं बस," त्यांनी मला शेजारी बसवलं. हळू बोलत होते, म्हणजे फक्त लॅबभर ऐकू जात होतं. "आज त्यो बी बसलाय तिकडं. बघ, नाव दिसतंय त्याचं."

खरंच, संदीपचं नाव तिथे होतं. त्या संगणकावर बसलेल्या माणसाच्या पडद्यावर आपण लिहिलेली ओळ थेट उमटते, अशी एक जुनी कमांड आहे. हल्ली कोणी वापरत नाही. अण्णांनी ती लिहिली. मग बोटं चोळली, धोतरासारखी पँट सावरली आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं, "संदीप, हाईस का?"

त्यांच्या कपाळावर घाम आला होता. पडद्यावर काहीच आलं नाही. "अंघोळीला गेला असंल," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "पोरीला शाळंत सोडाय गेला असंल." घंटा झाली. पोरं आत यायला लागली. अण्णांनी 'एक्झिट' लिहिलं, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि माझी चकली खाल्ली. "आता सुट्टी संपल्यावर. तवर त्यानं वाचलं असंल," असं म्हणाले. इतका खूश झालेला हा माणूस मी कधी पाहिला नव्हता. बसस्टँडवर ओळख नसलेल्या लोकांनासुद्धा "दिवाळीला या पेंढारला" म्हणत होता.

सुट्टीनंतर माझी बदली परीक्षा विभागात झाली. इमारत वेगळी, कामाचा डोंगर. एक दिवस दुपारी मुद्दाम लॅबमध्ये गेले, तर अण्णा चपला घालून खिडकीपाशी उभे. टोपी कुठेच दिसेना.

"काय अण्णा, आज जायचं नाही?"

"दार लावलं त्यानं," ते म्हणाले. त्यांचा आवाज मला पहिल्यांदाच नीट ऐकू आला नाही.

सुट्टीनंतर पहिल्याच सकाळी, दुपारची वाटही न बघता, ते जाऊन आले होते. काहीच उमटलं नव्हतं. वाट उघडली नव्हती. "मी हाक मारली आन त्यानं कुलूप घातलं. गप येऊन जात व्हतो तवर चालत व्हतं. बोललो ते न्हाई चाललं."

मी म्हटलं, "अण्णा, परत बघा ना. काहीतरी बिघडलं असेल."

तर त्यांनी मला वडिलांची एक रीत सांगितली. घाट उतरताना कोणाच्या रानातून वाट मागितली आणि मालक नाही म्हणाला, तर त्या साली त्या बांधावर पुन्हा पाय ठेवायचा नाही. लांबचा वळसा पडला तरी चालेल, मेंढरू मेलं तरी चालेल. मेंढपाळाला दुसऱ्याच्याच रानातून जायचं असतं, दुसऱ्यांदा मागणाऱ्याला लोक चोर समजतात. "ह्या एका गोष्टीपायी आमच्या बापाला समदा मुलूख मान द्यायचा," अण्णा म्हणाले. "आता नगं काढू त्यो इषय."

नाही काढला. मलाही वाटलं, संदीपनेच बंद केलं. त्याला न बघता मी त्याला मनातल्या मनात काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

त्या हिवाळ्यात अण्णा विझत गेले. ओरडेनात. पोरं व्ही न लावता यायची आणि हे मुकाट्याने काम करून द्यायचे. पोरांनाच ते भयंकर वाटायचं, एकजण मला येऊन म्हणाला, "मॅडम, अण्णांना सांगा ना रागवायला." डबा तसाच परत न्यायचे. यात्रेच्या दिवसांत गावी छातीत दुखायला लागलं. नारायणगावच्या दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला गेले तेव्हा नाकात नळी होती, हात गार होता. मला म्हणाले, "रॅकची किल्ली करगोट्याला हाय, काढून घे." मी म्हटलं, "तुम्ही आहात तोवर तुम्हीच वापरा." त्यावर ते हसले नाहीत.

काकूंनी मला बाहेर बोलावून विचारलं, "संदीपला कळवू का गं? हे नगं म्हणत्यात. म्हणत्यात, त्यानं मला दारातनं परत धाडलंय, त्याला बोलावशील तर माझं मेलेलं तोंड बघशील. कवा गेलं हे त्याच्या दारात? आन त्यो असा कसा वागला?" त्यांना त्या दुपारच्या फेऱ्यांतलं काहीच माहीत नव्हतं. मी थोडंफार सांगितलं. त्यांनी नवऱ्याचा शब्द पाळला. फोन केला तो अण्णा गेल्यावर.

संदीप आला तेव्हा सगळं उरकलं होतं. दहाव्याला घाटावर तो मुंडन करून एकटाच उभा होता, भावकी त्याच्याकडे बघत नव्हती आणि काकूसुद्धा त्याच्याशी बोलत नव्हत्या. पुढच्या आठवड्यात तो आणि काकू अण्णांचं सामान न्यायला कॉलेजात आले. काकू लॅबच्या मागच्या बाकावर बसल्या. मी अण्णांचा डबा, चष्मा, ड्रॉवरमध्ये सापडलेली टोपी टेबलावर ठेवली. ठरवलं होतं, काही बोलायचं नाही. पण माझं तोंड मला कधी आवरलंय?

"एक विचारू?" मी म्हटलं. "त्या माणसाने तुम्हाला नुसतं 'हाईस का' विचारलं होतं. त्यावर खातं बंद करून टाकायचं? असं काय बिघडलं होतं तुमचं?"

संदीपने माझ्याकडे पाहिलं. अगदी अण्णांसारखे डोळे. "मी? मॅडम, खातं चालू आहे. आत्ता, या क्षणी चालू आहे," तो म्हणाला. "मी ती ओळ संध्याकाळी घरी आल्यावर वाचली. मला काय झालं ते मी सांगू शकत नाही. मी लगेच उत्तर लिहिलं, पण तोवर ते निघून गेले होते. मग दुसऱ्या दिवसापासून मी त्या वेळेला संगणकापुढे बसायला लागलो. ऑफिसला उशिरा जायचो. पोरीला मांडीवर घेऊन बसायचो, म्हटलं, अण्णा आले की दोघं मिळून लिहू. ते आलेच नाहीत. मीच घातलेली शपथ मोडून आईला विचारलं, अण्णा कॉलेजला जातात का? ती म्हणाली, जातात की, पण गप्प असतात. मला वाटलं, मी लगेच बोललो नाही म्हणून चिडले. त्यांचा राग तुम्हाला माहीत आहे."

"मग फोन का नाही केला?" मी ओरडलेच.

"वाटलं, आता येतील. रोज वाटायचं," तो म्हणाला.

मी अण्णांचा संगणक सुरू केला. ते टाइप करायचे तो शब्द मला पाठ होता, 'वाट'. त्या एका शब्दामागे त्यांनी ती लांबलचक कमांड ठेवली होती आणि मधले सगळे निरोप बंद करून टाकले होते. त्या वेळेला त्यांना संगणकाची बडबड नको असायची. जमलं तर पोराची ओळ दिसणार, नाही जमलं तर काहीच नाही. मी 'वाट' लिहिलं. काहीच नाही. मग मी ते निरोप उघडे केले आणि मागे एक व्ही लावला.

पडदा भराभर बोलायला लागला. पहिली पायरी, दुसरी पायरी, प्रॉक्सीला विचारणा, आणि लगेच उत्तर, मनाई आहे. ते उत्तर आमच्या कॉलेजच्या प्रॉक्सीचं होतं. त्या दिवाळीच्या सुट्टीत, अण्णा गावी असताना, कॉलेजने बाहेरची माणसं बोलावून जुना प्रॉक्सी बंद केला होता आणि ऑफिसात नवा बसवला होता. तो साध्या वेबसाइटशिवाय कसलीच वाट देत नव्हता. अण्णांची हाक जर्मनीला पोचणं लांबच राहिलं, ती आमच्या कुंपणाबाहेरसुद्धा पडली नव्हती.

आणि हे अण्णांना माहीत होतं हो! सुट्टी संपली त्याच आठवड्यात त्यांनी निम्म्या स्टाफला नवा पासवर्ड घालून दिला होता. "नवा पाटील बसलाय, त्याला ओळख दाखवा," असं मलाच सांगितलं होतं. ज्याने आयुष्यभर लोकांना विचारलं की नाकारलं कुणी ते बघ, त्याच्या मनात एकदा यायला नको होतं? मी या प्रश्नाशी पुष्कळ डोकं फोडलंय. मला वाटतं, नव्या प्रॉक्सीची गोष्ट कळायच्या आत ते जाऊन आले होते, आणि पुन्हा त्या दारात जायचं नाही हे ठरवूनही झालं होतं. नंतर जे कळलं ते कॉलेजच्या कामाचं होतं. पोराचं दार त्यांनी त्यात धरलंच नाही.

संदीपला मी काही समजावून सांगायची गरज नव्हती. त्याने पडद्यावरची ती ओळ वाचली, परत वाचली, आणि खुर्चीचा हात धरून खाली फरशीवर बसला. मला रडू आवरेना. या दोघांना एकमेकांसमोर उभं करून दोघांनाही एकेक सणसणीत द्यावी असं मला वाटत होतं, आणि त्यातला एक तर आता कुठेच नव्हता.

काकू बाकावरून उठून आल्या. "काय झालं गं? काय दिसतंय त्यात?"

मी त्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं. म्हटलं, "काकू, अण्णा संदीपच्या घरी निघाले होते. आपल्याच गावच्या वेशीत नवा पाटील बसला होता, त्याने त्यांना तिथूनच परत फिरवलं. अण्णा संदीपच्या दारापर्यंत पोचलेच नाहीत. संदीप आतमध्ये त्यांची वाट बघत बसला होता."

"म्हंजी ह्यानं दार लावलं न्हवतं?"

"नाही काकू. उघडंच होतं. अजून आहे."

काकूंनी खाली बसलेल्या लेकाच्या तुळतुळीत डोक्यावर हात ठेवला. घाटावर त्याच्याशी एक शब्द न बोललेली ती बाई बराच वेळ त्याचं डोकं नुसतं चोळत राहिली. मग माझ्याकडे बघून, अगदी खरोखर मला काही उपाय माहीत असेल अशा आवाजात तिने विचारलं,

"मंग आता हे ह्यांना कुणी सांगायचं गं?"